मंद फिल्म आणि सुप्त प्रतिमा

हस्तलिखिते व शिलालेख यांच्या छायाचित्रणासाठी सूक्ष्मकणी कृष्णधवल फिल्म हवी असेल, तर तिचा मंदपणाही पत्करावा लागतो. याचे कारण फिल्मच्या घडणीतच आहे. जिलेटिनमध्ये विखुरलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकावर प्रकाश पडला म्हणजे चांदीच्या मोजक्या अणूंचा पुंज तयार होतो. हीच सुप्त प्रतिमा होय. तेवढ्या बळावर डेव्हलपर संपूर्ण स्फटिकाचे चांदीत रूपांतर करतो. स्फटिक लहान असला की त्याच्या वाट्याला प्रकाशही कमी येतो.

इलफर्डच्या ‘पॅन एफ प्लस’ फिल्मची गती ५० आहे. म्हणजे ४०० गतीच्या फिल्मच्या आठपट प्रकाश तिला द्यावा लागतो. हस्तलिखित काही हलत नाही, तेव्हा कॅमेरा तिपाईवर ठेवला की ही अडचण संपली. खरी अडचण भर उन्हातील शिलालेखाची. अशा फिल्मचा छायाभेद तीव्र असल्यामुळे खोदलेल्या अक्षरांतील सावली निगेटिव्हवर कोरी राहते व उजळ दगड गच्च काळा होतो. अशा वेळी फिल्मची गती ३२ धरून प्रकाश थोडा अधिक द्यावा आणि डेव्हलपिंगचा काळ कमी करावा.

डेव्हलपरच्या निवडीविषयी बराच वाद घातला जातो. तो बहुतांशी अनाठायी वाटतो. कोडॅकच्या डी-७६ मध्ये लिटरला १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असते. ते स्फटिकांच्या कडा विरघळवून कण मृदू करते, परंतु त्याबरोबर रेषेची धारही थोडी बोथट होते. जेथे कण मुळातच सूक्ष्म आहेत तेथे हा व्यवहार तोट्याचा. आगफाने १८९१ मध्ये काढलेले रोडिनल एकास पन्नास प्रमाणात विरल केले असता त्यात सल्फाइट नगण्य उरते, व बारीक अक्षरांची कड स्वच्छ येते.

मात्र या फिल्मचा एक दोष संशोधकास विशेष घातक आहे. तिच्यावरील सुप्त प्रतिमा फार काळ टिकत नाही. चांदीचा तो इवलासा पुंज हवेतील प्राणवायूने, दमटपणाने व उष्णतेने पुन्हा विघटित होतो. प्रथम मावळतात ते सावलीतील तपशील. चित्रण झाल्यावर तीन महिन्यांच्या आत फिल्म डेव्हलप करावी, असे उत्पादकच सुचवितात. आपल्याकडील पावसाळा लक्षात घेता तीन आठवडेही पुष्कळ म्हणावयाचे. वर्षभर दौरे करून सर्व रिळे एकदम धुण्यास काढणाऱ्याच्या हाती फिकी निगेटिव्हे येतात, आणि खासगी संग्रहातील पोथी दुसऱ्यांदा उघडून दाखविली जाईलच असे नाही. दौऱ्यावर निघताना डेव्हलपिंगची टाकी, हायपो आणि तापमापक बरोबर न्यावेत. द्रावणे २० अंश सेल्सियसवर आणण्यासाठी बर्फ द्रावणात न टाकता भांड्याभोवती ठेवावा, व शेवटच्या धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या आसपास असावे. एरव्ही जिलेटिन फुगून त्यावर जाळीदार सुरकुत्या पडतात.