ताडोबाची जिप्सी आणि सीटखालची पेटी: लहान वर्कशॉपसाठी एक चांगला धंदा



व्हिडिओत आपण पेटी कशी कापायची, कशी जोडायची ते पाहिलं. इथे हिशोब लिहून देतो, कारण वेल्डिंग येणारी पोरं आपल्याकडे भरपूर आहेत, पण हिशोबात मार खातात.

मूल तालुक्यातला एक फॅब्रिकेशनवाला माझ्याकडे शिकायला आला होता. त्याने एका सफारी जिप्सीसाठी जाड लोखंडी पत्र्याची मस्त पेटी बनवली. दोन कप्पे, कुलूप, वर रंग. आठ दिवसांत गाडीमालक परत दारात. म्हणाला, "भाऊ, पेटी मजबूत हाय, पण खडखड अशी करते की वाघाच्या आधी पर्यटकच वैतागतात." वरून गाडी जड झाली ती वेगळीच. पेटी परत, पैसे परत. मजबूत काम करूनही नुकसान! का? कारण त्याने पेटी बनवली, गिऱ्हाईकाची अडचण सोडवली नाही.

अडचण काय आहे?

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा गेटांवरून उघड्या गाड्या आत जातात. गाडीत सहा पर्यटक, एक गाईड, एक ड्रायव्हर. त्यांचं सामान बघा: कॅमेरा, मोठ्या लेन्स, पाण्याच्या बाटल्या, जॅकेट, औषधं, नाश्त्याचा डबा. वर सफारीत मोबाईल वापरायला मनाई, म्हणजे मोबाईलही कुठेतरी सुरक्षित ठेवायचे. आत रस्ता कच्चा, धूळ अशी की लेन्स उघडायची भीती वाटावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर.

सफारीच्या गाडीत मागच्या सीटा उंचावर बसवलेल्या असतात, त्यामुळे सीटखाली जागा रिकामी राहते. तीच आपली जागा. तिथे कुलूपबंद, धूळ न शिरणारी, आवाज न करणारी पेटी बसली की गाडीमालकाचं काम झालं.

गडचिरोलीकडे गिऱ्हाईक वेगळं. अहेरी, एटापल्ली, भामरागडकडे आठवडी बाजार करणारे व्यापारी, मोबाईल दुरुस्तीवाले, पंप-मोटार दुरुस्तीवाले बोलेरो किंवा पिकअपने फिरतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वाटेवर दोरखंड, टॉर्च, पान्हे, पंक्चरचं सामान हाताशी पाहिजे, पोत्यांच्या खाली नाही. त्याला पाण्यापासून वाचवणारा उंच कप्पा लागतो. एकच डिझाइन दोघांना विकू नका.

पहिला हिशोब: वजन

माणशी ६५ किलो धरलं तरी आठ माणसं म्हणजे ५२० किलो. गाडी आधीच भरली. आपली पेटी त्यावर चढणार. गाडीच्या कागदांवर एकूण किती वजन चालतं आणि रिकाम्या गाडीचं वजन किती, ते पाहा. दोन्हीतला फरक म्हणजे तुमची मर्यादा. त्यातून माणसं वजा करा. उरलं तेवढ्यात पेटी आणि पेटीतलं सामान दोन्ही बसलं पाहिजे. उरतच नसेल, तर काम घेऊ नका.

आता ९० सेंमी लांब, ३८ सेंमी रुंद, ३० सेंमी उंच पेटी धरू. सगळ्या बाजू मिळून पत्रा लागतो जवळपास १.४५ चौरस मीटर.

- १.६ मिमी लोखंडी पत्रा: साधारण १८ किलो
- १२ मिमी प्लायवूड: साधारण ११ किलो
- २ मिमी अॅल्युमिनियम पत्रा: साधारण ८ किलो

दोन पेट्या बसवल्या तर लोखंड आणि अॅल्युमिनियममध्ये २० किलोचा फरक पडतो. हा भार स्प्रिंगवर, ब्रेकवर आणि पेट्रोलवर रोज पडतो. म्हणून सफारीच्या गाडीला अॅल्युमिनियम किंवा चांगलं वॉटरप्रूफ प्लाय. लोखंड फक्त टेकूच्या अँगलसाठी.

दुसरा मुद्दा: आवाज आणि धूळ

झाकणाच्या कडेला रबर बीडिंग लावा. आतून फोम किंवा जाड नमदा चिकटवा. कडी-कोयंडा हलला की वाजतो, त्याऐवजी ताणून बसणारं टॉगल लॅच वापरा. नट सैल होऊ नयेत म्हणून नायलॉक नट घाला. खणाची चॅनल वापरणार असाल तर तिला बंद राहण्यासाठी लॉक हवंच, नाहीतर चढावर खण आपोआप बाहेर येतो. पेटीच्या कोपऱ्यांना गोलाई द्या, गुडघे फुटायला नकोत. आणि मालकाला सांगून ठेवा: उन्हात उभ्या गाडीच्या बंद पेटीत पॉवर बँक, बॅटरी ठेवायची नाही.

तिसरा मुद्दा: कायदा

इथे चूक झाली तर गिऱ्हाईकाची गाडीच अडकते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीच्या कागदावर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. म्हणून आपले नियम ठरवून घ्या:

- पेटी नट-बोल्टने बसणारी आणि काढता येणारी.
- चेसिसला वेल्डिंग नाही, नवं भोक नाही. सीटचे असलेले बोल्ट वापरा.
- सीटांची संख्या बदलायची नाही, गाडीच्या बाहेर काही काढायचं नाही.
- खाली पेट्रोलची टाकी, ब्रेकचा पाईप, वायर कुठून जाते ते पाहिल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही.

एवढं पाळूनही पहिलं काम करण्याआधी चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या आरटीओ कार्यालयात डिझाइनचा कागद घेऊन जा आणि विचारा. सफारीची गाडी असेल तर मालकाला वन विभागाकडे विचारायला लावा आणि विमा कंपनीला कळवायला सांगा. अर्धा दिवस जाईल, पण पुढची शंभर कामं निर्धास्त होतील.

चौथा हिशोब: भाव

खालचे आकडे नमुन्यासाठी आहेत, तुमच्या गावच्या दुकानातले भाव टाकून पुन्हा करा.

- पत्रा, कटाईतली तूट धरून: ३,३००
- लॅच, बिजागरी, कुलूप, बोल्ट: ८००
- मजुरी, दीड दिवस: १,२००
- रबर, फोम, किरकोळ: ४००
- मोजमाप आणि फिटिंगसाठी येणं-जाणं: ३००

झाले ६,०००. आता यात दुकानभाडं, वीज, मशीनची झीज यांचे ६०० टाका. नंतर फुकट दुरुस्ती करावी लागते, तिचे ३०० टाका. खरी किंमत ६,९००. त्यावर २० टक्के नफा १,३८०. म्हणजे विक्री साधारण ८,३००.

बहुतेक जण ६,००० वर थांबतात आणि "पाचशे सुटले" म्हणून ६,५०० ला देतात. खरं म्हणजे प्रत्येक पेटीमागे ४०० रुपये खिशातून गेले! मजुरी म्हणजे नफा नाही मित्रांनो. ती तर तुमच्या घामाचीच किंमत आहे.

कधी विकायचं?

ताडोबा मंगळवारी बंद असतं. गाड्या दारात उभ्या, मालक घरी. मोजमाप घ्यायला तोच दिवस. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअरची सफारी बंद असते, तेव्हा मालक गाडीची मोठी कामं काढतात. म्हणून मे-जूनमध्ये नमुना दाखवा, आगाऊ निम्मे पैसे घ्या, पावसाळ्यात फिटिंग करा. ऑक्टोबरला गेट उघडतं तेव्हा गाडी तयार पाहिजे. तारीख चुकली तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार नाही.

प्रत्येक गाडीच्या मापाचा पुठ्ठ्याचा साचा बनवून त्यावर मॉडेल लिहून ठेवा. जिप्सी १९८५ ची गाडी, आता नवी मिळत नाही. तिच्या जागी दुसऱ्या गाड्या येत आहेत. जिम्नी किंवा बोलेरोला जिप्सीचा साचा चालत नाही. साच्यांचा गठ्ठा हेच तुमचं भांडवल.

भांडवल कमी पडत असेल तर उद्यम नोंदणी मोफत होते आणि मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं. पण कर्ज आधी नको. आधी एक पेटी, एक गाडी, एक महिना.

आपल्या मूलच्या भावाने तेच केलं. दुसरी पेटी अॅल्युमिनियमची बनवली, त्याच मालकाच्या गाडीत महिनाभर फुकट बसवून दिली आणि रोज संध्याकाळी फोन करून विचारलं, "आज वाजली का?" ज्या दिवशी "नाही" ऐकलं, त्या दिवशी भाव सांगितला.

या आठवड्याचा गृहपाठ: मंगळवारी जवळच्या गेटवर जा. विकायला नाही, पाच ड्रायव्हरना फक्त एवढंच विचारायला: "सामान कुठे ठेवता आणि काय त्रास होतो?" उत्तरं वहीत लिहा. धंदा त्याच वहीतून निघेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत.