लिली म्हणजे नक्की कोणती? मांजर, कुंडी आणि संशोधनाची पहिली पायरी

गेल्या पावसाळ्यात धुळ्याहून मामींचा फोन आला. "मनीनं कुंडीतलं पान चावलं, लाळ थांबतच नाही. पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊ का रे भाऊ?" मी जवळजवळ ओरडलोच, "गोळी अजिबात नको!" मग विचारलं, झाड कोणतं? "लिली आहे ना, पांढऱ्या फुलाची."

आता बघा, या एका शब्दावर सगळं अडलं. खरी लिली म्हणजे लिलियम. तिच्यामुळे (आणि डे-लिली म्हणजे हेमेरोकॅलिसमुळेसुद्धा) मांजराची किडनी एक ते तीन दिवसांत निकामी होते. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी पुरतं. आधी उलट्या होतात, मग मांजर बरं झाल्यासारखं वाटतं, आणि तिथेच घरचे फसतात. गंमत म्हणजे कुत्र्याला असं होत नाही, आणि नेमकं कोणतं रसायन हे करतं ते अजून सापडलेलं नाही. विषय शोधताय ना? हा घ्या.

पण आपल्याकडे फुलबाजारात 'लिली' म्हणून ज्या कळ्यांच्या जुड्या मिळतात, ती बहुधा स्पायडर लिली, निशिगंधासारखी दिसणारी, पण कूळ वेगळं. सातपुड्यातली कळलावी इंग्रजीत ग्लोरी लिली. तिच्यात कोल्चिसिन, तेही जीवघेणंच, पण वेगळ्या मार्गानं. आणि मामींची? फोटो मागवला, तर पीस लिली निघाली. ही तर अळूच्या कुळातली! मनी प्लांट आणि डिफेनबेकियाही त्याच घरातले. यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात टोचतात. आपण अळूत चिंच घालतो ती घसा खाजू नये म्हणूनच. मांजराला कोण चिंच घालणार? लाळ, सूज, क्वचित उलटी. किडनीला मात्र लिलियमसारखा धोका नाही. तोंड ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं, संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. लिलियम असती तर संध्याकाळची वाट बघणं चुकलं असतं; तेव्हा पहिल्या काही तासांत सलाईन लागतं.

गोळीचं काय? पॅरासिटामॉल शरीराबाहेर काढायला आपण जो एन्झाइम वापरतो, त्याचा यूजीटी१ए६ हा जनुक मांजरात मोडका आहे. म्हणून औषध अंगात साठतं आणि रक्तावर जातं. पण हे कारण उचलून ऑक्झलेटला चिकटवू नका. तिथे रसायनाचा नाही, सुईचा प्रश्न आहे. दोन वेगळ्या यंत्रणा एका वाक्यात कोंबणं ही आपल्या लिट्रेचर रिव्ह्यूतली नेहमीची चूक.

झाडं निवडताना बरेच जण अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेची यादी वापरतात. यादी चांगली आहे, पण वाचायची कशी? तिच्यात 'बेसिल' सुरक्षित आहे, पण ती ऑसिमम बॅसिलिकम, म्हणजे आपला सब्जा. अंगणातली तुळस वेगळी जात. यादीत नाव नाही याचा अर्थ 'सुरक्षित' होत नाही, 'विषारी'ही होत नाही. म्हणून आधी शास्त्रीय नाव, मग यादी.

दुसरी चाळणी आपल्या उन्हाची. बोस्टन फर्न मांजराला चालतो, पण जळगावच्या मे महिन्यात कूलरसमोर ठेवूनही माझा वाळून कोळ झाला. स्पायडर प्लांट टिकतो. तो सफेद मुसळीचा भाऊबंद. सावलीत अरेका पाम. कोरफडीसारखी दिसणारी हॉवर्थिया चालते, खुद्द कोरफड नाही. आणि केळी! केळीचं झाडही त्या यादीत बिनविषारी आहे. रावेर-यावलच्या माणसाला हे सांगायला अमेरिकेची यादी लागावी, असो. मोठ्या कुंडीत, सकाळच्या उन्हात लावा. फक्त बिनविषारी म्हणजे चारा नव्हे, जास्त खाल्लं तर मांजर ओकणारच.

मनी दुसऱ्या दिवशी दूध मागायला लागली. मामींनी पीस लिली शेजारी देऊन टाकली. त्यांच्याकडे मांजर नाही, पोपट आहे. त्याचं वाचायचं राहिलंय.