सतरा वर्षांखालील म्हणजे नेमके कोण? : फुटबॉलचे वयोगट आणि आपल्या रजिस्टरातली १ जून



"सतरा वर्षांखालील भारतीय संघ" असे शब्द बातम्यांत येतात तेव्हा मुलं हमखास विचारतात, "सर, सतरा पूर्ण झालेला खेळाडू चालत नाही का?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरापर्यंत येऊन पोहोचतं. आज तेच समजून घेऊ.

वय कसे मोजतात?

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईत आणि गोव्यात मडगावलाही सामने झाले. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याची जन्मतारीख १३ जुलै २०००. म्हणजे ऑक्टोबरमध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्याला सतरा पूर्ण झाले होते, तरीही तो पात्र होता! कारण नियम होता : जन्म १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतरचा हवा. ३१ डिसेंबर १९९९ ला जन्मलेला मुलगा मात्र एका दिवसाने बाहेर. थोडक्यात, पाहिले जाते ते जन्माचे वर्ष.

पायऱ्या कोणत्या?

शालेय स्पर्धेत आपण तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असे चढतो. अक्कलकुव्याचा संघ जिंकला तर नंदुरबार, पुढे नाशिक विभाग, मग राज्य. देशांच्या स्पर्धांच्याही पातळ्या असतात. शेजारच्या देशांची प्रादेशिक स्पर्धा, आशियाची स्पर्धा आणि विश्वचषक. मात्र प्रादेशिक स्पर्धा जिंकून आशियाच्या स्पर्धेत प्रवेश मिळत नाही, त्यासाठी वेगळी पात्रता फेरी असते; विश्वचषकाची वाट आशियाच्या स्पर्धेतून जाते. आपला प्रदेश म्हणजे दक्षिण आशिया. त्याच्या महासंघाला 'सॅफ' म्हणतात. भारत, नेपाळ, बांगलादेश, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान हे त्याचे सदस्य. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोला झालेल्या सॅफच्या सतरा वर्षांखालील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ४-० असे हरवले. त्याच वर्षी मार्चमध्ये जमशेदपूरला अठरा वर्षांखालील मुलींची सॅफ स्पर्धा झाली. भारत आणि बांगलादेशचे गुण सारखे झाले आणि गोलफरकावर आपल्या मुली विजेत्या ठरल्या.

हे सगळं आपल्या मुलांपासून फार लांबचं आहे, असं वाटतं ना? पण ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताची कर्णधार होती अस्टम उरांव. झारखंडच्या गुमला या आदिवासीबहुल जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, मजुरी करणाऱ्या घरातली मुलगी. सातपुड्याच्या पाड्यांवरची आपली मुलं धावण्यात काय कमी आहेत? पण खेळ येणं ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी कागदावर असते.

१ जूनचे काय?

आपल्या शाळांच्या रजिस्टरात १ जून या जन्मतारखेची मुलं किती, ते एकदा मोजून पाहा. बाळंतपण घरी झालेलं असतं, नोंद राहून गेलेली असते. आई सांगते, "काठीच्या होळीनंतर झाला." वर्ष कुणाला आठवत नाही. मग जूनमध्ये पहिलीत घेताना सहा वर्षं पूर्ण दिसावीत म्हणून गुरुजी १ जून लिहितात. हेतू चांगलाच असतो, पण परिणाम पाहा.

समजा, मूल खरं १० जानेवारी २०१० चं आहे आणि रजिस्टरात १ जून २००९ लिहिलंय. २०२७ च्या सतरा वर्षांखालील गटासाठी जन्म २०१० किंवा त्यानंतरचा लागेल. खरं पाहता मूल पात्र, कागदावर मात्र बाद. काहीही चूक नसताना त्याचं एक वर्ष गेलं.

उलटही होतं. कागदावर वय कमी लागलं तर मुलावर खोटेपणाचा शिक्का बसतो. २००९ पासून फिफा सतरा वर्षांखालील मुलांच्या मनगटाचे एमआरआय काढते. मनगटाजवळच्या हाडाची वाढीची पट्टी पूर्ण जुळलेली दिसली, तर वय सतराच्या पुढे धरले जाते. मुलींची हाडे लवकर जुळतात, म्हणून त्यांना ही कसोटी लावत नाहीत. तिथे भिस्त कागदावरच.

मोठ्यांनी मुद्दाम लबाडी केली तर काय होतं? १९८८ मध्ये मेक्सिकोने आपल्या प्रदेशाच्या वीस वर्षांखालील स्पर्धेत वय जास्त असलेले खेळाडू उतरवले. फिफाने त्या देशाच्या सर्वच संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. त्यामुळे मेक्सिकोचा मोठा संघ १९९० च्या विश्वचषकालाही मुकला.

आपण काय करू शकतो?

१. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. उशीर झाला तर शुल्क आणि कागद वाढतात. एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

२. जन्म जिथे झाला, नोंदही तिथेच होते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या आईचं बाळ तिकडे जन्मलं, तर दाखला तिकडचाच मिळणार. परत निघण्याआधीच तो घ्यावा, हे पालकसभेत आवर्जून सांगा.

३. पहिलीच्या प्रवेशावेळी दाखला नसेल तर अंदाजाने तारीख लिहू नका. माता-बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीचं रजिस्टर, आशाताईंची नोंद हे आधी पाहा.

४. चुकीची तारीख दुरुस्त करायची असेल तर मूल शाळेत असतानाच पुराव्यांसह शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवा. शाळा सोडल्यावर हे फार अवघड होतं.

५. दाखला, आधार आणि रजिस्टर या तिन्हींवर एकच तारीख आणि एकाच स्पेलिंगचं नाव आहे ना, ते पडताळा.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. ही मुलं २०२९-३० च्या सुमारास आपल्या पहिलीत येतील. त्यांच्या घरी दाखला आहे का, हे आजच विचारायला हवं.

वर्गासाठी एक उपक्रम : मुलांना आपापली जन्मतारीख घेऊन, सतरा वर्षांखालील गटात कोणत्या वर्षापर्यंत खेळता येईल ते काढायला सांगा. वजाबाकीचा सराव होईल. आणि ज्यांची तारीख १ जून निघेल, त्यांच्या घरी या आठवड्यात आपणच एक चक्कर मारू या.