राजीनाम्याची घाई

‘आता काय, व्हिसा आला की जायचंच आहे’ हे वाक्य बेंगळुरूतल्या मराठी घरांत लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सहज उच्चारलं जातं आणि त्याच्या भरवशावर बरंच काही आवरायला घेतलं जातं. मुलगी नोकरीचा राजीनामा देते, भाड्याचं घर सोडून आईकडे किंवा सासरी राहायला जाते. पुढच्या शिक्षणाचा प्रवेश, दातांचं लांबलेलं काम, घराच्या पडद्यांपासून मूल होऊ देण्यापर्यंतचे सगळे निर्णय ‘तिकडे गेल्यावर बघू’ या खात्यात जमा होतात. नवरा कॅलिफोर्नियात किंवा टेक्सासात असतो. सहा महिने जातात, वर्ष सरतं आणि वेबसाइटवर ‘केस पेंडिंग’ हे दोन शब्द तसेच राहतात. या आवराआवरीची वेळ चुकते, असं मला वाटतं. अमेरिकेचा कायदा, व्हिसाची वैधता आणि बेंगळुरूतल्या कंपन्यांचा नोटीस पिरियड हे तीनही एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, तर थांबलेल्या माणसाने आपला दिनक्रम थांबवायचं कारण जवळजवळ कुठल्याच टप्प्यावर सापडत नाही.

आधी फाइल कशी चालते ते पाहू. नवरा अमेरिकी नागरिक असेल तर तो ‘आय-१३०’ नावाचा अर्ज करतो. हे लग्न खरं आहे आणि ही माझी पत्नी आहे, एवढंच त्यात सिद्ध करायचं असतं. तो अर्ज तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे पडून राहतो, आणि गेल्या काही वर्षांत एकट्या या टप्प्याला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागणं नेहमीचं झालं आहे. मंजुरीनंतर फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी, डीएस-२६० फॉर्म, नवऱ्याच्या उत्पन्नाची हमी आणि दाखले चढवायचे. मग पाळी येते मुंबईच्या वकिलातीची. बेंगळुरूत अमेरिकेच्या वकिलातीचं उद्घाटन १७ जानेवारी २०२५ रोजी झालं खरं, पण त्या दिवशी व्हिसाची खिडकी काही उघडली नाही, आणि स्थायिक होण्याच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी वांद्रे-कुर्ला संकुलच गाठावं लागतं. (मराठी कुटुंबांना त्यात फारसं परकं वाटत नाही, मुंबईला जाणारी उद्यान एक्सप्रेस आहेच.) या सगळ्यात अर्जदारांच्या हातून होणारं काम मोजून पाहावं. फॉर्म भरणं, दाखले गोळा करणं, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत मिळून ते दहा-पंधरा दिवसांपलीकडे जात नाही. उरलेला काळ फाइल कोणाच्या तरी रांगेत असते. म्हणजे फाइलला आपले पंधरा दिवस हवे असतात आणि आपण तिला दीड वर्ष देऊन बसतो.

नवऱ्याकडे नागरिकत्वाऐवजी ग्रीन कार्ड असेल तर गणित बदलतं. नागरिकाच्या पत्नीला वार्षिक मर्यादा नाही, ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला आहे. ‘एफ-२ए’ नावाच्या या वर्गासाठी, मुलांसकट, साऱ्या जगाला मिळून वर्षाला सुमारे ८८ हजार व्हिसा आहेत. २०१९ च्या मध्यापासून जवळपास चार वर्षं ही रांग रिकामी होती आणि त्या काळात ज्यांची लग्नं झाली त्यांना आपण नशीबवान आहोत याची कल्पनाही नव्हती. एप्रिल २०२३ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे दर महिन्याला सांगणाऱ्या पत्रकात, मात्र ती तारीख एकदम २०२०च्या सप्टेंबरपर्यंत मागे गेली. गंमत अशी, की एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असलेल्याची बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्याच्याकडे जाऊ शकते, पण त्याने ग्रीन कार्ड मिळवून मग लग्न केलं तर तिला काही वर्षं थांबावं लागतं. कायमचा झालेला माणूस तात्पुरत्या माणसापेक्षा मागे पडतो! हा अन्याय तिथल्या संसदेलाही दिसला होता. २१ डिसेंबर २००० रोजी मंजूर झालेल्या एका कायद्याने तीन वर्षांहून अधिक खोळंबलेल्या अशा जोडप्यांसाठी ‘व्ही’ नावाचा खास व्हिसा काढला, पण तो त्या तारखेपर्यंत अर्ज दाखल झालेल्यांनाच. नंतरच्यांसाठी तो दरवाजा पुन्हा उघडला गेला नाही.

संख्येची मर्यादा आणि अपुरे कर्मचारी ही विलंबाची दोन कारणं सहज समजतात. तिसरं जुनं आहे आणि ते म्हणजे परदेशातून येणाऱ्या पत्नीच्या लग्नाविषयीचा संशय; तो फक्त अमेरिकेचा नाही. १४ मार्च १९१३ रोजी केपटाउनच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम यांच्या प्रकरणात निकाल दिला की बहुपत्नीत्वाला मान्यता देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न दक्षिण आफ्रिकेत येण्यापुरतं लग्नच नव्हे. एका फटक्यात तिथल्या बहुसंख्य हिंदू-मुसलमान स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने पत्नी उरल्या नाहीत. गांधीजींच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या आणि कस्तुरबा तुरुंगात गेल्या त्या याच निकालानंतर. १९१४ च्या इंडियन रिलीफ कायद्याने तो दुरुस्त केला. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्य-तपासणी करण्यात आली. नियोजित वधूला आगाऊ परवानगी लागत नसे, पत्नीला लागे. ही बाई आधीच पत्नी असावी असा अधिकाऱ्यांना संशय होता. अमेरिकेने १९८६ साली बनावट लग्नांविरुद्ध कायदा केला आणि नव्या लग्नावर मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षांच्या अटीवर द्यायला सुरुवात केली. आज कोणी अंगाला हात लावत नाही, कागदांना लावतो. पण मुलाखतीतले ‘लग्नाला किती माणसं होती’, ‘शेवटचं कधी भेटलात’ हे प्रश्न त्याच वंशातले आहेत, आणि त्या पडताळणीला वेळ लागतो.

तर अशा वेळी राजीनामा का देऊ नये? पहिलं कारण साधं हिशेबाचं. मुंबईच्या मुलाखतीचं पत्र काही आठवडे आधी येतं. व्हिसा मिळाल्यावर तो साधारणपणे वैद्यकीय तपासणीच्या तारखेपासून सहा महिने चालतो. बेंगळुरूच्या आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड बहुधा दोन ते तीन महिन्यांचा. याचा अर्थ, पासपोर्टवर व्हिसा लागल्यानंतर राजीनामा दिला तरी नोटीस पुरी करून, आंब्याच्या दिवसांत आठवडाभर माहेरी राहून, निवांत विमान पकडता येतं. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. ज्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या बेंगळुरू शाखेत ती काम करते, तीच कंपनी तिला एल-१ व्हिसावर अमेरिकेतल्या शाखेत पाठवू शकते; अट अशी की गेल्या तीन वर्षांतलं सलग एक वर्ष तिने कंपनीत परदेशात काम केलेलं असावं. एल-१ आणि एच-१बी या व्हिसांना ‘तुम्ही तिकडेच राहणार’ हा आक्षेप लागू होत नाही, त्यामुळे नवऱ्याने केलेला अर्ज आड येत नाही. राजीनामा दिला की हा दुसरा दरवाजा आपणच लावून घेतो. तिसरं, पर्यटक व्हिसासाठी मात्र परत येण्याचं कारण दाखवावं लागतं आणि आय-१३० दाखल असताना ते दाखवणं कठीणच असतं. हातात नोकरी नसेल तर जवळपास अशक्य.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो. ती इथे नोकरीत रमलेली दिसली तर त्या अधिकाऱ्याला लग्न खोटं वाटणार नाही का? नाही वाटणार. स्थायिक व्हिसाच्या अर्जात ‘भारतात तुमचं काय आहे’ हा निकष नाही. लग्न खरं आहे का, हाच आहे. आणि व्हिसाअभावी वेगळं राहणं हे वेगळं राहण्याचं सर्वांत समजण्याजोगं कारण आहे. नातं टिकल्याच्या खुणा मात्र लागतात, आणि त्या नोकरी करणाऱ्या माणसाला निर्माण करणं सोपं जातं. वर्षातून एक-दोनदा झालेल्या भेटींची तिकिटं, दोघांच्या नावाचा विमा, वारसनोंदी, एकमेकांना पाठवलेले पैसे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे परदेशस्थ नवऱ्याच्या एनआरई खात्यात भारतातली पत्नी ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने सहधारक होऊ शकते, हे कित्येक जोडप्यांना बँकेत विचारेपर्यंत ठाऊक नसतं. दुसरा प्रश्न माहेरचा असतो: जावईबापूच का येत नाहीत इकडे काही दिवस? नागरिक असेल तर तो खुशाल येऊ शकतो. ग्रीन कार्डधारकाला मात्र जपून यावं लागतं, कारण सहा महिन्यांहून लांबलेला मुक्काम त्याच्या नागरिकत्वाच्या हिशेबात अडचण करतो आणि वर्षाच्या वर गेल्यास, आधी परवाना काढलेला नसेल, तर कार्डच धोक्यात येतं. तो नागरिक झाला की पत्नीची केस मर्यादेच्या रांगेतून बाहेर पडते, म्हणून त्याचं तिकडे टिकून राहणं हे दोघांच्याही फायद्याचं.

आपल्या हातात खरोखर असतो तो विलंब कागदांचा, आणि इथे मराठी माणूस स्वतःच स्वतःची अडवणूक करतो. गृहप्रवेशानंतर ताटातल्या तांदळांत लिहिलेलं नवं नाव हौसेचं असतं. पण तेच नाव पॅन कार्डावर, जुनं पासपोर्टावर, आणि लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच, असं झालं की प्रत्येक ठिकाणी ‘या तिन्ही बाया एकच’ असं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. त्यात कर्नाटकची आद्याक्षरांची पद्धत मिसळली की बघायलाच नको. बेळगावात जन्मलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या आणि बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलीचा जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत आणि आडनाव एकावर आहे तर एकावर नाही, अशी स्थिती अगदी शक्य कोटीतली आहे. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसणं हीही जुनीच तऱ्हा. बारसं नंतर झालं आणि नाव नोंदवायला कोणी गेलंच नाही. मंगल कार्यालयाची पावती किंवा देवळाचं प्रमाणपत्र चालत नाही, सरकारी नोंदणी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात विवाहनोंदणी सर्वत्र सक्तीची करायला सांगितलं, तरी आपण ती व्हिसाच्या वेळेपर्यंत लांबवतो. कर्नाटकात २०२४ पासून हिंदू विवाहाची नोंदणी कावेरी पोर्टलवरून करता येते. कन्नड-मराठी दाखल्यांची इंग्रजी भाषांतरं, भाषांतरकाराने सहीनिशी दिलेल्या खात्रीसह, आधीच करून ठेवावीत. माझं मत विचाराल तर केस संपेपर्यंत पत्नीने नाव बदलूच नये. उलट पोलिसांच्या चारित्र्य-दाखल्याची (पीसीसी) आणि वैद्यकीय तपासणीची घाई करू नये. त्यांना मुदत असते; फार लवकर काढलेला कागद मुलाखतीपर्यंत शिळा होतो.

एक गंभीर आक्षेप उरतो. असं सांगणं म्हणजे सरकारी दिरंगाई निमूट सोसायला सांगणं नव्हे का? आणि नोकरीच नसलेल्या, सासरी राहणाऱ्या मुलीने काय करावं? पहिल्या भागाचं उत्तर असं की जिथे तक्रार लागू पडते तिथे ती जरूर करावी. नेहमीच्या मुदतीच्या फार पुढे केस गेली तर नवरा आपल्या भागातल्या खासदाराच्या कार्यालयामार्फत विचारणा करू शकतो, तिथल्या संघीय न्यायालयात ‘मँडॅमस’चा दावाही लावू शकतो. पण न्यायालय फक्त ‘निर्णय घ्या’ एवढंच सांगतं, ‘हो म्हणा’ असं सांगत नाही, आणि वार्षिक मर्यादेची रांग कुठल्याच दाव्याने पुढे सरकत नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे वकिलाती बंद झाल्या, एप्रिलमध्ये आलेल्या आदेशाने ग्रीन कार्डधारकांच्या पत्नींचे व्हिसा थांबले आणि ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटले. त्या दहा महिन्यांत कोणत्याही एजंटाला, कितीही फी घेऊन, काही करता येणं शक्य नव्हतं. दुसरा भाग अवघड आहे. पण नोकरी नसलेल्या मुलीला तर थांबणं जास्तच महागात पडतं, कारण तिच्या दिवसाचा मालक व्हिसाच असतो आणि प्रत्येक हळदीकुंकवाला ‘अजून गेली नाहीस?’ हे तिलाच ऐकावं लागतं. वर्षभराचा अभ्यासक्रम किंवा वाहन परवाना हे तिकडे जाण्याच्या आड येत नाहीत. मध्येच पत्र आलं, तरी वर सांगितलेले सहा महिने तिलाही मिळतातच.

आणि मुंबईचा व्हिसा म्हणजे वाट पाहण्याचा शेवट, असंही नाही. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर मिळणारं कार्ड दोनच वर्षांचं असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ‘आय-७५१’ भरायचा, पुन्हा एकदा लग्न खरं असल्याचे कागद जोडायचे. या अर्जांचा ढीग इतका साचला की जानेवारी २०२३ मध्ये इमिग्रेशन खात्याने अर्जाच्या पोचपावतीवरच कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवायला सुरुवात केली. दोन वर्षांच्या कार्डाला चार वर्षांची मुदतवाढ.