अर्ध्या ओहमची किंमत

१९७५ साली बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या सातारा येथील कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडत होती, त्या काळात सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर प्रज्वलनाच्या, म्हणजे इंजिनातील पेट्रोल-हवेचे मिश्रण ठिणगीने पेटवण्याच्या, दोन निराळ्या पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. प्रियाच्या फ्लायव्हीलमधील चुंबक फिरू लागले की आतल्या स्थिर कॉइलमध्ये वीज निर्माण होई, त्यामुळे ठिणगीसाठी बॅटरी लागत नसे. या रचनेला मॅग्नेटो म्हणतात. बुलेट मोटरसायकलमध्ये मात्र ठिणगीसाठीची वीज बॅटरीतून घेतली जाई. दोन्ही गाड्यांच्या बिघाडाला गॅरेजमध्ये ‘करंट येत नाही’ असेच म्हटले जात असले, तरी त्यांचे वायरिंग एकमेकांच्या नेमके उलट वागते. मॅग्नेटोच्या गाडीत चावी बंद केली की कॉइलचा परिपथ चासीला जोडला जाऊन ठिणगी थांबते. म्हणून त्या वायरचे आवरण घासून तांबे पत्र्याला टेकले तर चालती गाडी बंद पडते, आणि तीच वायर तुटली तर चावी काढूनही इंजिन चालूच राहते. बॅटरीच्या गाडीत चावी परिपथ तोडते, त्यामुळे तेथे तुटलेली वायर म्हणजे बंद गाडी.

प्रज्वलन कॉइलचे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे आहे. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे काहीशे वेढे (प्राथमिक वेटोळे) आणि अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे (दुय्यम वेटोळे) असतात. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर उघडमीट करून हा परिपथ जोडणारे-तोडणारे संपर्क म्हणजे पॉइंट. ते मिटलेले असताना प्राथमिक वेटोळ्यातून प्रवाह वाहून गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठते. पॉइंट उघडताच हे क्षेत्र झटक्यात कोसळते, प्राथमिक वेटोळ्यात दोन-अडीचशे व्होल्टचा आणि दुय्यम वेटोळ्यात पंधरा ते वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब उसळतो, आणि प्लगच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटर फटीतून ठिणगी उडते. पॉइंटला समांतर जोडलेला कंडेन्सर उघडत्या टोकांवरची ठिणगी दाबून प्रवाह झटकन तोडतो. तो निकामी झाला की पॉइंट काळे पडतात आणि गाडी मिस मारू लागते.

कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि वायरिंगचे सारे महत्त्व या वर्गात दडलेले आहे. ६ व्होल्टच्या जुन्या गाडीत प्राथमिक वेटोळ्याचा रोध दीड ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने ४ अँपिअर प्रवाह वाहतो. चावी, जोड आणि अर्थिंग यांच्यात मिळून अवघा अर्धा ओहम रोध वाढला, तर प्रवाह ३ अँपिअरवर येतो आणि साठलेली ऊर्जा सुमारे ४४ टक्क्यांनी घटते. १२ व्होल्टच्या गाडीत ४ ओहमची कॉइल असेल, तर त्याच अर्ध्या ओहमाने ऊर्जा साधारण २१ टक्के घटते. उलट दुय्यम बाजूस, जेथे प्रवाह अत्यल्प असतो, रेडिओतील खरखर टाळण्यासाठी प्लग कॅपमध्ये मुद्दाम पाच हजार ओहमचा रोध बसवलेला असतो आणि ठिणगीचे फारसे बिघडत नाही. हा हिशेब ध्यानात न घेता कॉइलच बदलून टाकण्याची घाई गॅरेजांत फार होते.

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर बसवलेला अँपिअर मीटर हा प्रवाह डोळ्यांना दाखवतो. चावी लावल्यावर पॉइंट मिटलेले असतील तर काटा उणे बाजूला झुकतो आणि उघडले की शून्याकडे परततो. म्हणूनच सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून, काटा मध्यावर आणून मग किक मारण्याची रीत पडली. पॉइंट मिटलेल्या स्थितीत चावी चालू राहिली, तर हाच प्रवाह अखंड वाहून कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

रोध वाढवणारी कारणे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत भरपूर आहेत. महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यातील पावसात ओल वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो, आणि मळलेल्या प्लग कॅपच्या ओल्या पृष्ठभागावरून उच्च दाबाची वीज ठिणगी न पाडताच सिलिंडरकडे निसटते. माण, जत, आटपाडीकडील कोरड्या पट्ट्यात धुळीचा थर पॉइंटमध्ये बसतो, तर खड्ड्यांच्या रस्त्यांवरील हादऱ्यांनी अर्थिंगचे नट सैल होतात. सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कृष्णेचा पूर वस्तीत शिरला, तेव्हा बुडालेल्या गाड्यांच्या जोडांत पाण्याबरोबर गाळही बसला. वरून वाळलेल्या अशा गाडीची चावी कपलर सोडवून, धुऊन, सुकवून घेण्यापूर्वी न लावणे बरे.

दोष शोधण्याची चाचणी सोपी आहे. चावी चालू करून आणि पॉइंट मिटलेले ठेवून बॅटरीचे धन टोक आणि कॉइलचे धन टोक यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब दिसला, तर दोष चावीत किंवा जोडांत आहे. अशा वेळी बॅटरीपासून फ्यूज व रिले घालून कॉइलला थेट जाड वायर दिली, तर जुन्या चावीवरचा भारही हलका होतो.

हिरो होंडा सीडी १०० (१९८५) सारख्या गाड्यांबरोबर सीडीआय ही पद्धत रुळली. तिच्यात एका लहान कपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्टचा भार साठवून तो एका क्षणात कॉइलमध्ये ओतला जातो, त्यामुळे पॉइंट लागत नाहीत आणि प्राथमिक वेटोळ्याचा रोध बहुधा एक ओहमहून कमी ठेवलेला असतो. अशी कॉइल पॉइंटच्या १२ व्होल्ट गाडीला लावली, तर बारा अँपिअरच्या वर प्रवाह जाऊन पॉइंट जळतात. पॉइंटची कॉइल सीडीआयला जोडली, तर ठिणगी अशक्त पडते. मात्र सीडीआयच्या गाडीतही तो क्षणिक मोठा प्रवाह अर्थिंगच्या वायरीतूनच परततो, त्यामुळे अर्थिंगचा नट तेथेही घासून स्वच्छ करावा लागतो.