पंडित जसराज यांच्या नावाचा लघुग्रह: ३००१२८ हा आकडा आला कुठून?

२८-०१-३०. ही पंडित जसराज यांची जन्मतारीख. ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी उलट लिहून बघा: ३००१२८. नेमका हाच क्रमांक असलेल्या लघुग्रहाला २०१९ मध्ये त्यांचं नाव मिळालं. मग अनेकांना वाटलं, नासाने जन्मतारीख बघून नंबर दिला. तसं झालेलं नाही.

हा लघुग्रह सापडला ११ नोव्हेंबर २००६ रोजी, अमेरिकेत ॲरिझोनातल्या ‘कॅटालिना स्काय सर्व्हे’ला. आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही मिनिटांच्या अंतराने फोटो काढायचे. तारे जागच्या जागी राहतात, लघुग्रह किंचित सरकलेला दिसतो.

सुरुवातीला त्याला तात्पुरतं नाव मिळालं, ‘२००६ व्हीपी३२’. हा चक्क कोड आहे. वर्षाचे २४ भाग, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. ‘पी३२’ म्हणजे त्या पंधरवड्यातली ८१५वी नोंद. (हो, पंधरा दिवसांत आठशेच्या वर!)

कायमचा क्रमांक लगेच मिळत नाही. अनेक वेळा निरीक्षणं होऊन कक्षा पक्की ठरली, की रांगेतला पुढचा आकडा मिळतो. तिथे कुणाची जन्मतारीख बघत नाहीत. म्हणजे आकडा आधीच ठरलेला होता, नाव नंतर आलं.

नाव मंजूर करतो आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ, नासा नाही. सुचवण्याचा पहिला मान शोधणाऱ्यांचा. नाव शक्यतो एकाच शब्दात, जास्तीत जास्त १६ अक्षरी, म्हणून ‘पंडितजसराज’ असं सलग. पैसे भरून हे नाव मिळत नाही. ‘ताऱ्याला तुमचं नाव द्या’ म्हणत प्रमाणपत्रं विकणाऱ्या साइट्सचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. मोझार्ट आणि बेथोव्हेन यांच्या नावाचेही लघुग्रह आहेत. त्या मैफलीत मुंबईकर झालेले आपले पंडितजी, व्ही. शांताराम यांचे जावई!

आता तो आहे कुठे? मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यात. सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण दुप्पट ते सव्वातीनपट दूर. तिथल्या लघुग्रहांना सूर्याभोवतीच्या एका फेरीला साधारण तीन ते सहा वर्षं लागतात.

सातपुड्यातल्या मोलगीसारख्या गावाबाहेर, अमावास्येच्या काळोखात तो दिसेल का? नाही. त्या पट्ट्यातला वेस्टा तेवढा अधूनमधून नुसत्या डोळ्यांना अंधूक दिसतो. पंडितजींच्या लघुग्रहासाठी मोठी दुर्बीणच हवी.