एअर रायफलचा रॅक: पॉलिश मागच्या बाजूलाही हवे

घरी एअर रायफलचा लाकडी रॅक बनवताना सगळे लक्ष समोरच्या चकाकीवर जाते. पण पवईसारख्या दमट भागात रॅक टिकतो तो न दिसणाऱ्या बाजूंमुळे. लाकूड हवेतला ओलावा शोषून रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही. समोर पीयूचे (पॉलीयुरेथेन पॉलिशचे) थर आणि मागे कोरी फळी असेल, तर दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत. फळी वाकते आणि नळीच्या खाचा एका रेषेत राहत नाहीत. म्हणून 120, 180, 240 अशा क्रमाने पॉलिश पेपर मारून सहाही बाजूंना सारखे थर द्या. कापलेली टोके जास्त ओलावा ओढतात, तिथे एक थर वाढवा.

‘मागची बाजू कोण बघतो?’ कोणी नाही, पण भिंतीची ओल तिथेच लागते. ‘लाखेचे पॉलिश स्वस्त पडते.’ खरे आहे, मात्र ओलाव्याने त्यावर पांढरे डाग उठतात. ‘प्लाय वाकत नाही.’ कमी वाकतो, तरी त्याच्या उघड्या कडा फुगतातच. आणि रॅक म्हणजे कुलूप नव्हे: तो कुलूपबंद कपाटातच बसवा, छर्रे वेगळे ठेवा.